सातवी गाठ

१

कामाला निघण्याआधी फोटोवाली आपले दोन्ही लाइट मीटर तपासून घ्यायची. खिडकीसमोर राखाडी पुठ्ठा धरायचा, एकाने उजेड मोजायचा, मग दुसऱ्याने, आणि दोघांचं एकमत झालं की पिशवीत टाकायचे. एकवीस वर्षं कारखान्यांचे आणि यंत्रांचे फोटो काढून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माणसाचा डोळा लबाड असतो. अंधारात गेला की थोड्या वेळात सरावतो आणि ‘दिसतंय की सगळं’ म्हणून थापा मारायला लागतो. मीटर तसं करत नाही. त्याची एक खालची हद्द असते. उजेड तिच्याखाली गेला की चांगल्या मीटरचे अंक लुकलुकायला लागतात, म्हणजे तो सरळ हात वर करतो, मला माहीत नाही. माहीत नसताना तसं कबूल करणारी माणसं तिला आयुष्यात फार थोडी भेटली होती. म्हणून माणसांपेक्षा मीटरशी तिचं बरं जमायचं.

राग तर तिच्या नाकावरच असायचा. पण त्या सकाळचा राग नेहमीचा नव्हता. तो ती नऊ वर्षांची असल्यापासूनचा होता आणि एवढ्या वर्षांत जराही शिळा झाला नव्हता.

काम होतं फिल्मच्या कारखान्यातलं. कॅमेऱ्याची फिल्म बनवणारा तो कारखाना आता पाडणार होते आणि त्याआधी मॅनेजरला आठवण म्हणून एक पुस्तक काढायचं होतं. फोटोवालीची आई तिथे सव्वीस वर्षं कामाला होती. मावशी चार. मावशी एका सकाळी आईबरोबर कामावर गेली ती परत आलीच नाही. कारखान्याने सांगितलं, पाळी संपली, बाई गेटाबाहेर पडली, पुढचं आम्हाला काय ठाऊक? लोकांनी पुढचं आपल्या मनाने जोडलं. कुणाचा तरी हात धरून पळाली. शाळेत पोरी फोटोवालीला विचारायच्या, “तुझी मावशी कुणाबरोबर गं गेली?” एकीचा तिने दात पाडला होता. आजोबांनी तर त्या दिवसापासून घराचा उंबरा ओलांडणंच सोडलं.

ती कुणाची मुलगी, कुणाची भाची, हे मॅनेजरला माहीत नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

२

“हा आमचा काळा हॉल,” मॅनेजर म्हणाला. माणूस चाळिशीचा, गोड बोलणारा. “फिल्मवर मसाल्याचा थर इथे चढायचा. उजेडाचा एक कण आला तरी सगळा माल बाद. त्यामुळे पाळीचे आठही तास ठार अंधार. बेचाळीस माणसं काम करायची, विश्वास बसतो?”

“बसतो,” ती म्हणाली.

हॉलला एकच दार होतं आणि त्याच्या बाहेर एक वाकडा बोळ, दोन वळणांचा, म्हणजे बाहेरचा उजेड भिंतीला धडकून तिथेच मरावा. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर एक जाड दोर बांधलेला. दाराच्या डाव्या अंगाने निघालेला दोर सगळ्या हॉलला फेरी घालून दाराच्या उजव्या अंगाला येत होता. ठराविक अंतरावर त्याला गाठी होत्या.

“एकवीस गाठी,” सोबत आलेला म्हातारा वायरमन म्हणाला. “गाठी मोजायच्या, म्हणजे आपण कुठल्या मशीनपाशी आहोत ते कळायचं. चालताना तोंडाने ‘चालले, चालले’ म्हणत राहायचं, म्हणजे टक्कर व्हायची नाही. जो बोलत नाही तो उभा आहे असं समजायचं.”

“छान किस्सा आहे. पुस्तकात घालू,” मॅनेजर म्हणाला. “मॅडम, दिवे लावून देतो. आठ-दहा मस्त फोटो काढा.”

“दिवे नकोत. बेचाळीस माणसांनी जे बघितलं तेच काढायचंय मला.”

“पण अंधारात काय येणार?”

“ते माझ्यावर सोडा,” ती इतक्या तिखटपणे म्हणाली की मॅनेजरने लगेच घड्याळात बघितलं आणि मीटिंग आठवल्यासारखं करून तो निघून गेला.

३

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. वायरमनने दिवे घालवले, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि काळा हॉल काळा झाला.

तिने डोळ्यांसमोर हात हलवला. दिसला नाही. आधी मीटरवर तळवा दाबून मोजलं आणि आकड्यांचा उजेड बाहेर सांडू नये म्हणून ते जॅकेटच्या आत धरून वाचले. लुकलुकत होते. बरोबर. मग मीटर हॉलच्या पलीकडच्या टोकाकडे रोखला, मोजलं, पुन्हा जॅकेटमध्ये डोकं घालून बघितलं.

अंक स्थिर होता. आठ मिनिटं.

म्हणजे मीटर म्हणत होता, इथे उजेड आहे, आठ मिनिटं शटर उघडं ठेवलं तर फोटो येईल.

तिला पहिल्यांदा मीटरचाच राग आला. मग तिने डोकं ताळ्यावर आणून विचार केला. दाराला फट असेल. पण दार मागे होतं, आणि चाचपून पाहिलं तर त्याच्या कडेला रबर घट्ट बसलेलं. काही मीटर उजेडातून आले की थोडा वेळ जुनाच उजेड धरून बसतात. म्हणून ती वीस मिनिटं तशीच उभी राहिली. पुन्हा आठ मिनिटं. दुसरा मीटर काढला. आठ मिनिटं. कुठे चमकणारा रंग लावलेला असेल? मग डोळ्याला का दिसू नये? वीस मिनिटांत सरावलेला डोळा मीटरपेक्षा खाली उतरतो. त्याला ठिपकाभरही दिसत नव्हतं, आणि दोन-दोन मीटर शपथेवर सांगत होते की आहे.

तिने तळवा दाबला. लुकलुक. तळवा काढला. आठ मिनिटं.

“झालं का हो?” बाहेरून वायरमनने दारावर थाप मारली.

ती बाहेर आली तेव्हा उन्हाने डोळ्यांत पाणी आलं. “आत आणखी कुठे दिवा आहे का? छोटा, इंडिकेटरचा वगैरे?”

“मेन स्विचच खाली ओढलाय, बाई. मुंगीला दिसेल एवढंही नाही.”

४

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. शहात्तर वर्षांची, पण बोटं अजून न बघता चालायची.

“काळ्या हॉलमध्ये जाऊन आले,” फोटोवाली म्हणाली.

आईची बोटं थांबली नाहीत. “कशाला?”

“फोटो काढायला. आणि आज मला खरं सांग. मावशी त्या दिवशी गेटाबाहेर पडली होती?”

“जुनं उकरून काय मिळणार आहे तुला?”

“मला? मला काय मिळायचंय! माझ्या मावशीला अख्ख्या गावाने पळपुटी म्हटलं आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस! सख्खी बहीण होती ना तुझी? एकदा तरी म्हणालीस कुणाला, की नाही, माझी बहीण तसली नव्हती?”

आईने पाकळी ताटलीत टाकली. मग बोलली ती अगदी सपाट आवाजात, कुणी भाजीचा भाव सांगावा तशी.

“दुपारची सुटी व्हायची होती. मला तिची हाक आली. ‘ताई, दार कुठंय गं?’ मी म्हटलं, दोर धर आणि चालत राहा, येईल दार. ती म्हणाली, ‘दोर धरलाय. गाठी संपतच नाहीत.’ मला वाटलं, चेष्टा करतेय. तिला सवयच होती. थोड्या वेळाने परत, ‘ताई, अठ्ठावन्न झाल्या.’”

“एकवीसच गाठी आहेत,” फोटोवाली म्हणाली.

“मला सांगतेस?” आईने पहिल्यांदा वर बघितलं. “मी फोरमनला म्हटलं, दिवा लावा, माझ्या बहिणीला दार सापडत नाहीये. तो म्हणाला, मशीनवर माल चढलाय, उद्या सकाळी उतरेल, तोवर दिवा लागणार नाही. पोरगी आहे, घाबरली असेल, येईल आपोआप. तिचा आवाज लांब लांब जात होता. एवढा लांब हॉल नाहीच मुळी. मग पाळी सुटली. आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी माल उतरला, दिवे लागले. आत कुणी नव्हतं.”

“माल खराब होईल म्हणून दिवा लावला नाही?”

“हो.”

“आणि तू?”

आईने पुढची पाकळी उचलली. “मी काय करणार होते?”

फोटोवालीने ताटली इतक्या जोरात बाजूला सारली की लसूण खोलीभर उडाला. ती बाहेर जाऊन जिन्यात बसून राहिली. आतून, जमिनीवरच्या पाकळ्या एकेक वेचल्याचा बारीक आवाज बराच वेळ येत होता.

५

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा अकराची वेळ धरली. वायरमनला सांगितलं, “चाळीस मिनिटं दार उघडायचं नाही. मी ओरडले तरच.”

डाव्या हाताने दोर धरून ती भिंतीच्या कडेने आत गेली, एका गाठीपाशी थांबली, तिथेच ट्रायपॉड उभा केला. कॅमेऱ्यात फिल्म भरलेलीच होती. फिल्म मंद उजेडात आळशी होते. मीटर आठ मिनिटं म्हणाला तर तिला चाळीस तरी द्यावी लागतात. तिने बोटांनी चाचपून शटर उघडलं.

चाळीस मिनिटं हलायचं नव्हतं, पण हात स्वस्थ बसेनात. पाच मिनिटांनी तिने पुन्हा मोजलं. जॅकेटमध्ये बघितलं. चार मिनिटं.

आठाचे चार, म्हणजे उजेड दुप्पट झाला होता.

चुकलं असेल. पुन्हा मोजलं. चार. थोड्या वेळाने, दोन.

दिव्याचं एक साधं गणित तिला तोंडपाठ होतं. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. आठाचे दोन झाले होते. डोळ्यांसमोर डांबरासारखा अंधार होता, पण मीटरच्या हिशेबाने जे काही होतं ते अर्ध्या वाटेवर आलं होतं.

एक मिनिट.

कुठेतरी काही घासल्यासारखं झालं. दोरावरून तळवा सरकावा तसं. तिने श्वास रोखून ऐकलं. तिचा स्वतःचा हात तर खिशात होता. भीती वाटायला हवी होती. वाटतही असेल. पण तिचं भ्यायचं गणितच वेगळं होतं, भीती आली की आधी रागच वर यायचा.

“कोण आहे?” ती ओरडली. “चाळीस वर्षं लोकांना अंधारात ठेवलंत, अजून पोट भरलं नाही? समोर या ना! कोण आहे ते समोर या!”

आवाज भिंतींवरून फिरून परत आला नाही. गेला तो गेलाच, जसं समोर भिंतच नसावी.

तिने मोजलं. तीस सेकंद. पुन्हा मोजलं. तीस सेकंदच. थांबलं होतं.

बाहेर पळावं असं शरीर ओरडत होतं. पण हट्टाने ती थांबली. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. शेवटी शटर मिटलं आणि तिने दोर पकडला. परत जाताना गाठी मोजल्या. एक, दोन, तीन. सातवीनंतर दाराचं रबर हाताला लागलं.

“ओरडलात का मघाशी?” वायरमनने विचारलं.

“ऐकू आलं ना? मग उघडलं का नाही?”

“काही ऐकू नाही आलं. तुमचा चेहरा बघून विचारलं.”

६

मीटरच्या हिशेबाने ती फिल्म जळून जायला हवी होती. शेवटी शेवटी उजेड सोळा पट झाला होता. पण घरी मोरीत धुऊन तिने ती बल्बसमोर धरली तेव्हा फोटो अगदी नेमका उतरला होता. यंत्रांचे रूळ, दोर, एकेक गाठ, फरशीच्या भेगा. आयुष्यात तिने इतका स्वच्छ फोटो काढला नसेल.

मोठी प्रत काढल्यावर तिला कळलं की आपण मूर्खासारखा विचार करत होतो. हातातला मीटर दिवा मोजत नाही. दिवा ज्याच्यावर पडतो ते मोजतो. समोरची यंत्रं उजळत गेली होती, म्हणजे दिवा समोर नव्हताच. फोटोत ट्रायपॉडच्या तीन पायांची सावली पुढे पसरलेली होती. जे काही जवळ येत होतं ते तिच्या पाठीमागून आलं होतं. आणि पाठीमागे बंद दार होतं.

ट्रायपॉडच्या शेजारी तिचीही सावली होती. पुसट, हललेली, कारण ती सारखी हात हलवत होती. चाळीस मिनिटांच्या फोटोत जे हलतं ते विरून जातं.

आणि तिच्या डाव्या अंगाला, भिंतीपाशी, आणखी एक सावली होती. बाईची. जराही न हललेली. कात्रीने कापावी इतकी स्वच्छ. एक हात दोरावर होता. दुसऱ्या हाताचं कोपर वर आलेलं होतं.

मॅनेजर फोटो बघून हसला. “वायरमन असेल.”

“वायरमन दाराबाहेर होता.”

“मग डबल एक्स्पोजर, एकाच फिल्मवर दोन फोटो पडले असतील. मॅडम, हा नाही घेता येणार पुस्तकात. लोकांना उगाच काहीतरी वाटतं.”

“इथे एक बाई नाहीशी झाली होती. माझी मावशी. भिंती पाडायच्या आधी हॉल खणून बघा.”

त्याचा चेहरा झर्रकन बदलला. “ते आमच्या आधीच्या लोकांचं आहे. तेव्हाचे नियम वेगळे होते. परवा सकाळी मशीन येणार, त्यात बदल होणार नाही.”

“मालाचं काय होईल म्हणून?” तिने विचारलं. त्याला ते कळलं नाही.

घरी तिने फोटो आईपुढे आदळला. “बघ. ही मावशीच ना?”

आईने चष्मा लावला, फोटो खिडकीजवळ नेला, समोरच्या यंत्रांवरून बोट फिरवत जागा ताडली.

“ही सातवी गाठ. ही माझी जागा.” मग ती म्हणाली, “ही तुझी मावशी नाही. ही मी आहे.”

“आई, तू इथे जिवंत माझ्यासमोर बसलीयेस.”

“ती हाका मारत होती. चाळीस मिनिटं तरी. मी ओ देत राहिले असते तर आवाजाच्या रोखाने आली असती कदाचित. फोरमन म्हणाला, तू बोलू नकोस, बाकीच्या घाबरतात, काम थांबतं. मी बोलले नाही.” आईचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तोंडावर दाबून बसला. कोपर तसंच वर आलं. “अशी उभी होते,” ती बोटांच्या आडून म्हणाली. “हलले नाही.”

फोटोवालीला वाटलं होतं, खरं कळलं की राग कुणावर काढायचा ते कळेल. तो तसाच छातीत अडकून राहिला.

७

हॉल पाडायला सकाळी नऊला मशीन आलं. आईने हट्ट धरला म्हणून फोटोवाली तिला घेऊन आली होती. मॅनेजर, वायरमन, मशीनचा ड्रायव्हर आणि या दोघी, एवढीच माणसं.

मशीनने मागच्या भिंतीवर घाव घातला. तिथे कधीच दार नव्हतं. विटा ढासळल्या, भगदाड पडलं आणि बांधल्यापासून पहिल्यांदाच काळ्या हॉलमध्ये ऊन शिरलं.

आतून कल्लोळ उठला. “दार! दार लावा! उजेड आला, दार लावा!” पुष्कळ गळे, सगळे संतापलेले.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. “साहेब, आत माणसं आहेत.”

“कुणी नाही आत! मी स्वतः बघून आलोय. तू चालू कर!” मॅनेजरचा आवाज चिरकला होता.

धूळ क्षणभर बाजूला झाली. भिंतीच्या कडेने दोर आत गेलेला दिसला. आत, त्याला जेवढं जायला हवं त्याच्या कितीतरी पुढे. त्याच्यावर हातच हात होते, एकामागे एक. उन्हाची तिरीप पोचली तसे ते वर उचलले गेले आणि जिथे डोळे असावेत तिथे गेले. सगळ्यात दूरचा एक हात तेवढा दोरावरच राहिला. पुढे सरकत राहिला.

मग पुन्हा धूळ.

“चालू कर म्हटलं ना!” मॅनेजर ओरडला. मशीनचा हात थरथरत वर उठला. फोटोवाली धावत जाऊन त्याच्याखाली उभी राहिली.

“पाड माझ्यावर!” तिने ड्रायव्हरला सांगितलं. “हिंमत असेल तर पाड! आज हे भगदाड कुणी बुजवणार नाही!”

ड्रायव्हरने चावी काढून खिशात टाकली आणि तो खाली उतरला.

आई तिच्या शेजारून केव्हा पुढे गेली ते तिला कळलंच नाही. तुटलेल्या भिंतीवर दोराचं टोक लोंबत होतं. म्हातारीने ते दोन्ही हातांनी उचललं, मनगटाला गुंडाळलं आणि एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून कधी आला नव्हता असा आवाज काढला.

“इकडे ये! दार इकडे आहे! माझ्या आवाजाकडे ये!”

आतला कल्लोळ एकदम थांबला. सगळ्यांनी कान दिल्यासारखा.

“इकडे!” आई ओरडली. “इकडे गं!”

दोर ढिला पडलेला होता. तो ताणला गेला. पुन्हा ढिला. पुन्हा ताणला. कुणी धरून चालत यावं तसा.

“येतेय,” आई म्हणाली. ती हसत होती. “येतेय बघ.”

मग दोर ताणलेलाच राहिला. आईची पावलं विटांवरून आतल्या बाजूला घसरायला लागली. फोटोवालीने झडप घालून तिच्या कमरेला मिठी मारली, टाचा रोवल्या आणि किंचाळली, “सोड, आई! सोड तो दोर!”

“नाही सोडणार.”

वायरमन धावला, त्याने फोटोवालीला मागून धरलं. ड्रायव्हरही धावला. चौघं मिळून ओढत होते आणि एकेक वीट आत सरकत होते. दाताला दात घट्ट लावून, डोळे मिटून ओढताना फोटोवालीला एवढंच कळत होतं की ही एका बाईची ओढ नव्हे.